सुक्या कचऱ्यात गेलेला नवस

सांगतो, पण आधी चहाचे कप खाली ठेवा बघू. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा आमच्या साडूंना असा ठसका लागला की त्यांच्या पाठीत धपाटे घालायला मलाच उठावं लागलं. आणि हसायचं तर माझ्यावर हसा. आमच्या बायकोवर नको, कारण या सगळ्या प्रकरणात शहाणं माणूस तेवढं एकच होतं.

तर, लालबागला आमची जुनी चाळ. तीन मजले, लांबलचक गॅलऱ्या, दुसऱ्या मजल्यावर टोकाची खोली आमची. वडील गिरणीत होते, मी ऑफिसात होतो, आणि दोन वर्षांपूर्वी मी रिटायर झालो.

रिटायर झाल्यावर पहिले आठ महिने घरीच होतो. आता घरी होतो म्हणजे रिकामा बसलो होतो, असं कृपा करून समजू नका! घराला शिस्त लावत होतो. मसाल्याच्या डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागलो. सुनंदाला, म्हणजे आमच्या बायकोला, कांदा कसा चिरला की वेळ वाचतो ते समजावून सांगितलं. पस्तीस वर्षं बिचारी चिरत होती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं हो!

ती ऐकून घ्यायची. देव्हाऱ्याकडे एकदा बघायची आणि पुन्हा आपल्या पद्धतीनं कांदा चिरायची.

अशात एक दिवस महापालिकेच्या एक मॅडम चाळीत आल्या. आमच्या चाळीच्या मागे घरगल्ली आहे. दोन चाळींच्या मधली चिंचोळी बोळ हो, ड्रेनेजचे पाइप जातात ती. तीन पिढ्या आमचा कचरा खिडकीतून थेट तिथंच. पिशवी खाली पडल्याचा आवाज आला की काम झालं. मॅडमनी नाकाला रुमाल लावून ती गल्ली बघितली आणि चाळीच्या पटांगणात सगळ्यांना गोळा केलं.

"हे आता बंद. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात. ओला रोज जाईल, सुका गुरुवारी. मिक्स दिलात तर गाडी उचलणार नाही, सांगून ठेवते. तुमच्यापैकी कोण लक्ष ठेवणार?"

सगळे एकदम चपलांकडे बघायला लागले. एवढ्यात मागून माझ्या बरगडीत कोपर बसलं.

"अहो, तुम्ही व्हा ना पुढे!" सुनंदा म्हणाली. "मॅडम, हे बघतील. ह्यांना वेळच वेळ आहे."

लग्नानंतर इतक्या उत्साहानं तिनं मला कशासाठीही पुढे ढकललं नव्हतं. माझी तर छातीच फुगली.

आणि मग काय विचारता! दुसऱ्या दिवशी मी शिट्टी विकत आणली. सकाळी सात वाजता पहिल्या मजल्यापासून सुरुवात. एकेका दारासमोर उभा राहायचो, शिट्टी मारायचो, डब्याचं झाकण उचलायचो. चहाचा चोथा? ओला. दुधाची पिशवी? सुका, पण धुऊन. अंड्याची टरफलं? यावर पहिल्या मजल्यावर तीन दिवस भांडण चाललं. नारळाची करवंटी सुक्यात, पण आत खोबरं चिकटलेलं असेल तर? मी करवंटी उजेडात धरून निकाल द्यायचो.

प्रत्येक पिशवीवर मी चिठ्ठी चिकटवायचो. खोली नंबर, तारीख, आत काय आहे, आणि खाली शेरा. 'समाधानकारक', 'सुधारणेस वाव', असं. चाळीतली माणसं मला बघून दार लोटून घ्यायला लागली. मला वाटलं, वचक बसला.

शेजारी आमचा जाधव. लहानपणापासूनचा दोस्त. आम्ही एका शाळेत, एका बाकावर. तो दर रविवारी विहारात जाणारा, नवस, दृष्ट, उपास, कशावर विश्वास न ठेवणारा, शांत माणूस. पण त्यालाही मी सोडलं नाही. त्याच्या निळ्या डब्यात केळ्याची साल सापडली तेव्हा मी गॅलरीत सगळ्यांसमोर ती वर धरून दाखवली.

"परब्या, ती नातवानं टाकली रे," तो म्हणाला.

"नियम सगळ्यांना सारखा!" मी म्हणालो, आणि शिट्टी मारली.

गॅलऱ्यांत, माळ्यांवर वर्षानुवर्षांचं सामान साठलेलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. एका गुरुवारी मी मोहीम काढली. ज्याच्या घरी जी अडगळ आहे ती सुक्या कचऱ्यात द्यायची. कुणी हलेना. जाधव म्हणाला, "आधी तुझा माळा उपस, मग आमच्याकडे ये."

एवढंच ना? सुनंदा त्या दिवशी गिरगावात बहिणीच्या नातीच्या बारशाला गेली होती. मी म्हटलं, बरंच झालं. येईल तेव्हा चकाचक माळा बघून खूश होईल. जाधवनं खालून शिडी धरली आणि मी वर चढलो.

मोडकी छत्री, फुटका मिक्सर, कॅलेंडरांची गुंडाळी, सगळं खाली दिलं. अगदी शेवटी पितळी डब्याच्या मागे लाल कापडाचं एक गाठोडं लागलं. धूळ बसलेलं, कसल्याशा निळ्या पट्टीनं आवळून बांधलेलं. हलवलं तर आत खडखड वाजलं.

"नारळ दिसतोय," जाधव खालून म्हणाला. "ठेव तो. वहिनींना विचार."

"अरे, पार सुकलाय! आणि सुनंदा कसला नारळ माळ्यावर ठेवतेय? तिचे नारळ फ्रिजवर असतात."

आता माझ्याच नियमाप्रमाणे कापड वेगळं, पट्टी वेगळी आणि नारळ वेगळा करायला हवा होता. पण ती गाठ काही केल्या सुटेना. तेवढ्यात खाली गाडीचा भोंगा वाजला. मी ते गाठोडं तसंच्या तसं पिशवीत घातलं, वर चिठ्ठी चिकटवली, 'समाधानकारक' लिहिलं आणि पिशवी देऊन टाकली.

दुपारी बारा-साडेबाराला सुनंदा आली. हातात बारशाच्या घुगऱ्या, डोक्यात गजरा. मी तिला हाताला धरून माळ्याखाली उभं केलं. "बघ!"

तिनं वर बघितलं. आधी हसली. मग हसू गेलं. मग शिडी मागितली, स्वतः चढली, पितळी डबा सरकवला.

"अहो, इथला नारळ कुठाय?"

"सुक्यात," मी म्हणालो. अभिमानानं हो!

ती शिडीच्या पायरीवरच बसली. "नवसाचा होता तो," ती म्हणाली. आवाज बसलेला. "रवळनाथाच्या नावानं बांधून ठेवला होता. नवस पुरा झाला माझा. मे महिन्यात गावी न्यायचा होता. फेडला नाही तर दिलेलं परत जातं, अहो!"

आमच्याकडे कोकणात असंच. देवाकडे काही मागायचं तर नारळ बांधून ठेवायचा, आणि मागणं पुरं झालं की तोच नारळ गावच्या देवाला नेऊन द्यायचा. आणि काय मागितलं ते मध्ये कुणाला सांगायचं नाही.

"कसला नवस गं?"

"सांगायचा नसतो."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. माझी साखर! रिटायर झालो तेव्हा शुगर वाढली होती, आणि मागच्या महिन्यात रिपोर्ट नॉर्मल आला होता. डॉक्टर म्हणाले, चालणं वाढलंय तुमचं. कुठलं चालणं? नवस केला होता हिनं माझ्यासाठी! तोंडातून एक शब्द न काढता, माळ्यावर लपवून. आणि मी तो कचऱ्यात घातला. माझा मलाच इतका राग आला म्हणता!

शिवाय, खरं सांगू? भीतीही वाटली. दिलेलं परत जातं म्हणजे माझी साखर परत येणार! एरवी मी या गोष्टींना हसतो. पण त्या क्षणी बारशाच्या घुगऱ्यांमधला गूळही माझ्याकडे रोखून बघतोय असं वाटायला लागलं.

"चप्पल घाल," मी म्हणालो. "नारळ आणल्याशिवाय परत यायचं नाही."

जाधवही निघाला. "शिडी मी धरली होती," म्हणाला. "चल."

आमचा सुका कचरा जातो परळला, पुलाखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पंधरा-वीस बायका तिथं बसून सगळं हातानं निवडतात. कागद इकडे, पुठ्ठा तिकडे, बाटल्या, पिशव्या, थर्माकोल, प्रत्येकाचा ढीग वेगळा. ढीग माझ्या डोक्याच्या वर. आपण दारात पिशवी ठेवतो ना, तिचं पुढे काय होतं ते मी, चाळीचा कचराप्रमुख, पहिल्यांदाच बघत होतो. मनातून जरा लाजलोच.

त्या बायकांची मुकादम मंगलताई. जालन्याकडची, पदर खोचलेली, हातात रबरी मोजे. आम्हाला बघून म्हणाली, "काय हरवलं? कवळी का दागिना?"

"नारळ," मी म्हणालो. "लालबागहून आलोय. खोली नंबर सव्वीस..."

"थांबा! तुमीच का ते चिठ्ठीवाले काका?" तिनं मागे वळून हाक मारली. "अगं ए, या गं! चिठ्ठीवाले काका आलेत!"

बायका भराभर गोळा झाल्या. मी शर्ट सारखा केला. म्हटलं, बघा, कामाची कदर इथं होते.

"काका, तुमच्या चाळीचा माल लई चांगला येतो," मंगलताई म्हणाली. "धुतलेला, सुकलेला. पण ती चिठ्ठी का चिकटवता ओ? गोंद निघत नाय. चिकट पिशवी म्होरं कुणी घेत नाय. तुमच्या चाळीच्या चिठ्ठ्या सोलायला दर गुरुवारी दोन बाया बसवते मी."

जाधव शेडच्या छताकडे बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

"आणि ते 'समाधानकारक' कुणासाठी लिहिता?" एक म्हातारी बाई विचारत होती. मी म्हटलं, आजी, नारळाचं बघू या का आधी?

मंगलताई आम्हाला शेडच्या आतल्या कोपऱ्यात घेऊन गेली. तिथं एक फळी होती, स्वच्छ पुसलेली. तिच्यावर देवांच्या तसबिरी रांगेनं लावलेल्या, फुटक्या काचांच्या, वाळवी लागलेल्या. शेजारी बुद्धाची एक मूर्ती, नाक उडालेली, पण पायाशी ताजं फूल. आणि खाली ओळीनं नऊ नारळ, सगळे लाल कापडात.

"लोक टाकतात," मंगलताई म्हणाली. "आमी नाय टाकत. कुणाचं तरी काय तरी मागणं असतं त्यात."

जाधव त्या मूर्तीपुढे हात जोडून उभा राहिला. मग मंगलताईंना म्हणाला, "ताई, तुमचं बरं आहे. आमच्या चाळीत फक्त झाकणं उचलून बघतात." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

नऊ नारळ, सगळे एकसारखे. मी प्रत्येक हलवून बघितला, सगळे खडखडले. सुनंदानं मात्र एक नजर टाकली आणि चौथ्यावर हात ठेवला.

"हा."

"कशावरून?"

तिनं निळी पट्टी दाखवली. मी चष्मा लावला. अहो, ती माझ्या ऑफिसच्या ओळखपत्राची पट्टी होती! तीस वर्षं गळ्यात घातलेली. रिटायर झालो त्या दिवशी काढून खुंटीला लावली आणि मग विसरून गेलो होतो. हिनं नवसाची गाठ त्या पट्टीनं बांधली होती. आता काही शंकाच उरली नाही. मी चष्मा काढून पुसला, सगळ्यांसमोर.

"चल, घरी नेऊ," मी म्हणालो.

"असा नाही उचलायचा," सुनंदा म्हणाली. "देवाचा नारळ कचऱ्यातून आलाय. आधी गाऱ्हाणं घाला, चुकीची माफी मागा. मग उचलू."

गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्यानं बोलायचं. घरच्या पुरुषानं एकेक वाक्य बोलायचं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, की देवाच्या कानावर नीट जातं. बायकांनी मोजे काढले, पदर घेतले आणि फळीसमोर उभ्या राहिल्या. मी डोळे मिटून सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शेड दणाणली. मंगलताईंचा आवाज तर असा की मालवणात जन्मली असावी.

"तुझो नारळ आज माझ्या हातसून चुकान कचऱ्यात गेलो. लेकराची चूक पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझी साखर उतरवलंस, माका बरो केलंस, तसोच..."

"ता न्हय," शेजारून हळूच आवाज आला.

मी एक डोळा उघडला. "म्हणजे?"

"नवस साखरेचा नव्हता," सुनंदा कुजबुजली. "देवापुढे खोटं बोलू नका."

पंचाईत झाली की नाही? मी पुन्हा डोळे मिटले. "माझे गुडघे..."

"ता न्हय."

"थोरल्याची नोकरी?"

"न्हय ओ."

"मग नातवंडा?"

मागे बायका 'व्हय म्हाराजा' म्हणायला तोंड उघडायच्या आणि मिटायच्या. शेवटी मंगलताईंनी कमरेवर हात ठेवले. "काकी, तुमीच बोला आता. नवस पुरा झालाय नं? मग सांगायला काय?"

सुनंदानं डोक्यावर पदर घेतला. माझ्याकडे एकदा बघितलं. मग हात जोडून, एका दमात बोलायला लागली. शहरात पस्तीस वर्षं राहिली तरी देवाशी ती मालवणीतच बोलते.

"बा देवा म्हाराजा, ह्यांचा ऑफिस सुटला आणि ह्यांचा तोंड माका बघवत नव्हता. खिडकीत बसान ऱ्हवायचे. ताटातला अन्न ताटात. कोण ह्यांका ईचारूक येय नाय, कोणाचो फोन नाय. म्हणान मी तुका बोललंय, ह्यांका कायतरी काम गावू दे. चार माणसा ह्यांका शोधीत येवंदेत."

"व्हय म्हाराजा," बायका म्हणाल्या, जरा हळू आवाजात.

मला खरंच पुढचं दिसेना. मी शिस्त लावत होतो असं मला वाटत होतं, आणि ती रोज माझं ताट बघत होती. इतकी माया या बाईच्या पोटात, आणि मी तिला कांदा चिरायला शिकवत होतो!

पण गाऱ्हाणं संपलं नव्हतं.

"आणि ता काम," सुनंदानं आवाज चढवला, "घराच्या भायर असू दे, म्हणान सांगलेलंय म्हाराजा! माझ्या डब्यांका, माझ्या कुकराक आणि माझ्या डोक्याक जरा आराम मिळू दे! तो तू दिलंस म्हाराजा! मॅडम धाडलंस! आता नारळ कचऱ्यात गेलो म्हणान ह्यांका परत घरात बसवू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!"

पुलावरची गाडी थांबावी असा आवाज. म्हणजे ऐकलंत ना? नवस माझ्या साखरेसाठी नव्हता. मी घराबाहेर जावं म्हणून होता! देवानं तो ऐकला, मला कचऱ्याचं काम दिलं, आणि त्याच कामाच्या भरात मी त्याचाच नारळ फेकला.

"वहिनी," जाधव आता पुढे आला. "रागावू नका, पण तुमचं मागण्यात चुकलं. नुसतं घराबाहेर मागितलंत. चाळीबाहेर मागायचं होतं."

सुनंदा विचारात पडली. मंगलताई घाईघाईनं म्हणाली, "काकी, मागा पण जागा नीट सांगा हां. हितं आमच्या शेडात नको!"

"भावजी, तुमचं खरं आहे," सुनंदा म्हणाली. "सकाळी शिट्टी वाजली की पहिल्या मजल्यावरच्या बायका माझ्याशी बोलत नाहीत." आणि तिनं पुन्हा हात जोडले. बायकांनी पुन्हा पदर सारखे केले. आणि काय सांगू, आमचा जाधव, जन्मात कुठल्या देवापुढे गाऱ्हाण्याला न उभा राहिलेला माणूस, टोपी काढून, माझ्या शेजारी येऊन सरळ उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा," सुनंदा म्हणाली, "एक काम दिलंस, आता त्याच्यावर लक्ष ठेव. ह्यांची शिट्टी हरवू दे. ह्यांचो गोंद सुकू दे. आणि ह्यांका चाळीच्या भायर, लांब, खंयतरी चांगल्या ठिकाणी गुंतव रे म्हाराजा!"

लहानपणापासून गाऱ्हाण्याला उभा राहतोय हो मी. बायको देवाशी बोलत होती, डोळे मिटलेले, हात जोडलेले, मन भरून आलेलं. काय मागितलं जातंय, कुणासाठी मागितलं जातंय, याचा विचार करायला फुरसतच मिळाली नाही.

सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं मीच ओरडलो, "व्हय म्हाराजा!"